घर आणि परिसर : जुन्या झाडाचे दुखणे

मुंबईच्या समुद्रकाठी राहणाऱ्या कुटुंबांत वैशाख सरत आला की दोन गोष्टींची बोलणी निघतात. एक गच्चीच्या गळतीची व दुसरी आवारातल्या झाडांची. गच्चीसाठी जाणता कारागीर शोधला जातो. त्याने पूर्वी कोठे काम केले, ते टिकले की नाही, याची चौकशी होते. झाडांसाठीही कोणी तरी येतो. तो दोर, कोयता व करवत घेऊन वर चढतो, अर्ध्या दिवसात झाड बोडके करून उतरतो, आणि आता पावसाळा निर्धास्त गेला असे सर्वांना वाटते. त्या माणसाला झाड तोडता येते हे आपण पाहिलेले असते. झाड कळते की नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत, मे २०१९ मध्ये पुरी-भुवनेश्वर भागात, मे २०२० मध्ये कोलकात्यात आणि १७ मे २०२१ रोजी मुंबईत चक्रीवादळांनी जुनी, भरदार झाडे मुळांसकट आडवी केली. मुंबईच्या वादळात कुलाब्यास वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचला होता, आणि शहरात दोन हजारांहून अधिक झाडे पडली वा मोडली. महापालिकेने केलेल्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे ३० लाख झाडे मोजली गेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक झाडे रस्त्यावर किंवा उद्यानात नसून खासगी आवारांत उभी आहेत. म्हणजे त्यांची काळजी वाहणारे आपणच, तुमच्याआमच्यासारखी कुटुंबे.

ही काळजी म्हणजे नेमके काय, हे मला २०२१ च्या दिवाळीत कळले. मी माझ्या मामांकडे माहीमला गेले होते. त्यांच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात दोन मोठी झाडे होती. फाटकाजवळ एक पर्जन्यवृक्ष. दिवेलागणीला पाने मिटणारा, मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला, पण आता आपल्या शहरांत पुरता रुळलेला. संस्थेची इमारत १९६२ सालची, आणि झाड तिच्याहून जुने. दुसरा मागील अंगणातला गुलमोहर. तो मामींनी १९८४ साली, माझ्या मामेबहिणीच्या जन्माच्या वर्षी, स्वतःच्या हाताने लावला होता.

मे महिन्याच्या वादळात शेजारच्या इमारतीतले एक झाड दोन मोटारींवर कोसळले होते. तेव्हापासून संस्थेतल्या लोकांना पर्जन्यवृक्षाची धास्ती बसली होती. त्याची एक फांदी थेट फाटकावर आलेली, खोडाचा घेर दोन माणसांच्या कवेत न मावणारा, आणि खाली मुलांच्या शाळेची गाडी थांबते. दिवाळीआधी झालेल्या सभेत बहुतेकांनी झाड काढून टाकावे असेच मत दिले. मामाही त्याच मताचे. "झाड कितीही चांगले असो, नातवंडांच्या डोक्यावर नको," असे ते म्हणाले, आणि त्यांना उत्तर देणे सोपे नव्हते. गुलमोहराचा विषय मात्र सभेत कोणी काढलाही नाही. तो सर्वांचा लाडका. दर मे महिन्यात त्याच्या फुलांचा सडा पडे आणि मुले त्याच्या पाकळ्यांची नखे करीत.

चिटणीसांनी एक शहाणपण केले. कोणताही निर्णय करण्याआधी झाडे एखाद्या जाणत्या माणसाला दाखवावीत असे सुचवले. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन पुढे वृक्षसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या एक बाई भाऊबीजेनंतरच्या रविवारी आल्या. त्यांच्यापाशी एक लाकडी हातोडी, एक लांब लोखंडी सळई, एक दुर्बीण आणि एक वही एवढेच सामान होते. त्या झाडावर चढतील म्हणून मुले गोळा झाली होती. पण त्या पहिला अर्धा तास जमिनीकडेच पाहत राहिल्या.

त्याचे कारण त्यांनी समजावून सांगितले ते येथे देते, कारण याविषयी आपल्या सर्वांच्याच मनात एक चुकीची समजूत असते. झाड जेवढे उंच तेवढीच त्याची मुळे खोल, असे आपण धरून चालतो. वस्तुतः मोठ्या झाडांची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. मात्र त्यांचा पसारा फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि हवा खोल जमिनीत नसते. समुद्रकाठच्या वस्त्यांत तर बरीचशी जमीन भरावाची आणि भूजल अगदी वर आलेले. मुळे आणखीच उथळ राहतात. अशा झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसवले की त्याचा श्वास कोंडतो, आणि नळ वा तारा टाकण्यासाठी बुंध्याशेजारून चर खणला की त्या बाजूचा आधारच तुटतो. पान हिरवे दिसत राहते, आणि पाया मात्र गेलेला असतो. पुढे कधी तरी मुसळधार पावसाने माती भिजून मऊ झाली आणि त्याच वेळी वारा सुटला, की झाड उन्मळते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब ढोबळमानाने चौपट होतो, हे लक्षात घेतले तर वादळात झाडावर काय प्रसंग येतो ते कळेल.

पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याशी पेव्हर ब्लॉक होतेच. ते बुंध्याला इतके भिडले होते की खोडाची साल त्यांच्या कडेवर चढली होती. परंतु चर त्या बाजूने खणला गेला नव्हता. हातोडीचा आवाज खोडाभोवती सर्वत्र भरीव आला. फाटकावरची फांदी मात्र शेंड्याकडून वाळत आली होती, आणि पश्चिमेकडची एक फांदी प्रमाणाबाहेर लांबून तिच्या टोकाशी फार भार झाला होता. खोडावर दिवाळीच्या दिव्यांसाठी ठोकलेले जुने खिळे होते, तारेचा एक वेढा सालीत रुतला होता. बाईंनी हे सारे वहीत टिपले आणि म्हणाल्या, "झाड निरोगी आहे. तुम्ही त्याला वागवले आहे ते वाईट."

मग त्या मागच्या अंगणात गेल्या. गुलमोहराच्या बुंध्याशी, जमिनीलगत, तपकिरी रंगाच्या कडक अळंब्यांची रांग होती. मुले तिला परीच्या पायऱ्या म्हणत. बाई तिथे खाली बसल्या. हातोडीचा आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. सळई एका फटीतून हातभर आत गेली. बुंध्याच्या एका बाजूला जमीन किंचित उचलली गेली होती आणि तिच्यात अर्धवर्तुळाकार भेग दिसत होती. बाईंनी मामींना विचारले, "या बाजूने कधी खणले होते का?" तीन वर्षांपूर्वी पाण्याची नवी वाहिनी तिथूनच गेली होती.

झाड पोकळ असले म्हणजे ते धोक्याचेच असते, असे नाही. नळी पोकळ असूनही मजबूत असते. तसेच खोडाची निरोगी भिंत त्रिज्येच्या सुमारे एक तृतीयांश जाडीची असेल तर पुष्कळ झाडे वर्षानुवर्षे उभी राहतात. शंका असल्यास ध्वनिलहरींनी आतली पोकळी दाखवणारी यंत्रेही आता मिळतात. पण येथे खोड आणि मुळे दोन्ही कुजली होती. गुलमोहर हे मुळातच ठिसूळ लाकडाचे व उथळ मुळांचे झाड. मे महिन्याच्या वादळात ते वाचले, ते दोन्ही बाजूंच्या इमारतींनी वारा अडवला म्हणून. बाईंचे मत स्पष्ट होते : ज्याची भीती वाटते ते ठेवा, आणि जे लाडके आहे ते पुढच्या पावसाळ्याच्या आत उतरवा.

मामी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना एवढेच म्हणाल्या, "त्या नळाच्या कामाला सही मीच दिली होती." त्यांना कोणी काय सांगावे? चर खणताना मुळांचा विचार करावा, हे त्या वेळी संस्थेतल्या कोणालाच माहीत नव्हते.

आता छाटणीविषयी. दर वर्षी झाडाचा शेंडा उडवून ते बुटके केले म्हणजे धोका टळतो, हा समज सर्वत्र आहे. शेजारच्या इमारतीत हेच चालले होते. शेंडा तोडलेल्या झाडाची पाने, म्हणजे त्याचे स्वयंपाकघर, एका दिवसात नाहीसे होते. मग ते जिवाच्या आकांताने कापलेल्या टोकांभोवती झुडपासारखे कोंब फोडते. हे कोंब झपाट्याने वाढतात, पण ते लाकडाच्या आत रुजलेले नसतात. वरच्या थरालाच चिकटलेले असतात. आणि ज्या टोकावर ते उभे असतात ते टोक खालून कुजत असते. तीन-चार वर्षांनी हेच कोंब जड फांद्या होऊन वाऱ्यात निखळतात. आपण पैसे देऊन धोका विकत घेतलेला असतो.

झाडाची जखम कशी वागते, याचा उलगडा अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी केला. त्यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या जुन्या जखमा आतून पाहिल्या. त्यांना असे आढळले की माणसाच्या कातडीप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंती उभारते, कूज तेथेच कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. फांदी जिथे खोडातून निघते तिथे बांगडीसारखा एक फुगीर कडा असतो. झाडाची ही संरक्षणाची ताकद तिथेच एकवटलेली असते. म्हणून फांदी त्या कड्याच्या लगेच बाहेर कापावी. खोडाशी सपाट कापली तर कडा जातो आणि कुजीला दार उघडते. लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. जड फांदी एका घावात कापू नये. आधी थोड्या अंतरावर खालून चिरा द्यावा, मग त्याच्या पुढे वरून कापून वजन उतरवावे, आणि शेवटी उरलेला खुंट कड्यापाशी काढावा. म्हणजे साल सोलली जात नाही. कापलेल्या जागी डांबर फासणे किंवा ढोलीत सिमेंट भरणे हे जुने उपाय आता शास्त्राने सोडून दिले आहेत. त्यांनी ओल आत कोंडते आणि कुजीला मदतच होते. एका वर्षात झाडाची एक चतुर्थांशाहून अधिक हिरवी पाने उतरवू नयेत. वृद्ध झाडाची तर त्याहूनही कमी.

वेळीच केलेली शस्त्रक्रिया झाडाला किती आयुष्य देते, याचे मोठे उदाहरण कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात आहे. तेथील प्रसिद्ध महावटाला १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी जखमा झाल्या. बुरशी शिरली आणि मूळ खोड कुजत गेले. अखेर १९२५ साली ते खोडच कापून काढण्यात आले, म्हणजे उरलेला वृक्ष निरोगी राहावा. आज मधले खोड नसलेला तो वड हजारो पारंब्यांच्या आधाराने उभा आहे. २०२० च्या वादळानेही त्याच्या काही पारंब्या मोडल्या, वड राहिला.

माहीमच्या संस्थेने बाईंचा अहवाल जोडून महापालिकेच्या उद्यान विभागाकडे दोन अर्ज केले. हे आवश्यकच होते. महाराष्ट्रातील १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड 'तोडणे' या शब्दाचा अर्थ कापणे, जाळणे व कोणत्याही प्रकारे इजा करणे असा केलेला आहे. त्यामुळे झाड आपल्या आवारात आहे म्हणून आपण वाटेल ते करू शकत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. इतर राज्यांत कायदे निराळे आहेत. आपापल्या नगरपालिकेत चौकशी करावी.

पर्जन्यवृक्षाचे काम डिसेंबरात झाले. वाळलेली फांदी उतरली, पश्चिमेकडच्या फांदीचा भार टोकाकडून हलका केला, रुतलेली तार कापून काढली. शेंड्याला कोणी हात लावला नाही. सर्वांत मोठा वाद झाला तो पेव्हर ब्लॉकवरून. बुंध्याभोवतीची जमीन मोकळी करायची तर दोन मोटारींच्या जागा जात होत्या, आणि त्यांतली एक मामांची होती. झाड तोडा म्हणणारे मामा दोन दिवस गप्प राहिले. मग स्वतःच चिटणीसांकडे जाऊन जागा सोडल्याचे लिहून देऊन आले. विचारले तर म्हणाले, "बाईंनी हातोडी मारली तेव्हा मी कान देऊन ऐकले होते." मोकळ्या केलेल्या जमिनीवर आता झाडाचाच पालापाचोळा पसरतात, बुंध्याला तो टेकू मात्र देत नाहीत.

गुलमोहरावर महापालिकेची नोटीस लागली. कोणाची हरकत असल्यास ती मुदतीत नोंदवावी, असे तीत म्हटले होते. संस्थेतल्या तिघांनी हरकत घेतली. त्यांत मामी नव्हत्या. उलट त्याच त्या तिघांच्या घरी गेल्या आणि त्यांना बुंध्याशी आणून ती भेग दाखवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये झाड उतरवले. बुंधा कापल्यावर आतली पोकळी दिसली. मामींनी तीत हात घातला तो कोपरापर्यंत गेला. मामेबहीण परगावी होती. तिला दूरध्वनीवर सांगताना मामी म्हणाल्या, "तुझे झाड गेले, पण कोणाला न दुखवता गेले."

वाचकांना यातून काय घेता येईल? झाडावर चढणे व कापणे हे शिकलेल्या माणसाचेच काम आहे. घरच्या कोणी ते करू नये, आणि विजेच्या तारांजवळ तर मुळीच नाही. पण पाहण्याचे काम प्रत्येक कुटुंबाला करता येते. वर्षातून दोनदा, पावसाळा सरल्यावर आणि फाल्गुनात, आवारातल्या मोठ्या झाडाला एक फेरी घालावी. बुंध्याशी अळंब्या उगवल्या आहेत का, जमीन उचलली वा भेगाळली आहे का, झाड पूर्वीपेक्षा झुकले आहे का, दोन खोडांच्या बेचक्यात चीर आहे का, वर वाळलेल्या फांद्या अडकल्या आहेत का, हे पाहावे. समुद्राकडच्या बाजूची पाने टोकांना करपलेली दिसतील. ते बहुधा खाऱ्या वाऱ्याचे लक्षण असते आणि त्यासाठी घाबरून झाड छाटू नये. एकाच बाजूच्या फांद्या विरळ होत असतील तर मात्र त्या बाजूला जमिनीत काय केले गेले ते आठवून पाहावे. नारळ असेल तर सुक्या झावळ्या व तयार नारळ वेळच्या वेळी उतरवून घ्यावेत. आणि आवारात चर खणायचा असेल तर तो खणण्याआधी झाडाकडे पाहावे, नंतर नव्हे.

हे पाहणे आपल्याला परके नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि आजारी झाडाची लक्षणे सांगताना फिकट पाने, खुंटलेले कोंब, वाळणाऱ्या फांद्या व पाझरणारा रस यांचा उल्लेख केला. आजचा वृक्षतज्ज्ञ हीच लक्षणे प्रथम पाहतो. शिकलेली, प्रमाणपत्र घेतलेली अशी मंडळी आपल्या देशात अजून थोडी आहेत. तरीही मोठ्या शहरांत ती मिळतात, आणि महापालिकेच्या उद्यान विभागाकडे किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयात चौकशी केल्यास मार्ग सापडतो. फांद्या तोडणाऱ्याचा दर विचारण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी.

माहीमच्या मागच्या अंगणात आता दोन नवी झाडे आहेत. एक ताम्हण आणि एक उंडी. उंडी ही आपल्या किनाऱ्यावरचीच, खारे वारे सोसणारी. बदली लावावयाची उरलेली रोपे आवारात मावण्यासारखी नव्हती, ती इतरत्र लावावी लागली. पर्जन्यवृक्षाखाली शाळेची गाडी पूर्वीसारखीच थांबते. बाई दर वर्षी दिवाळीनंतर हातोडी घेऊन येतात, आणि त्यांच्यामागून खोडाला कान लावून ऐकणाऱ्या मुलांत मामाही उभे असतात.